कलमं खंडाने द्या, मागीलदार राहू द्या

पत्र

मी सदुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या गावात आम्ही नवराबायको दोघंच राहतो. 'निसर्ग' चक्रीवादळात आमच्या आगरातल्या बहुतेक पोफळी आणि बरेचसे माड आडवे झाले. वरच्या वाडीत हापूसची बावीस कलमं आहेत. मागीलदारी विहिरीच्या बाजूला मी भाजी आणि फुलझाडं करते. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून मनगट मोडलं, गुडघे त्याआधीपासूनच कुरकुरतात. मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, मागीलदारी पेव्हर ब्लॉक घालून टाकू, गाडी उभी राहील, सापाकिरड्याची भीती नाही, आणि भाजी काय, बाजारात वीस रुपयांत मिळते. हे म्हणतात, आता देवाचं नाव घ्यायचं वय. मोकळ्या जागी माडाचं रोप लावायचं म्हटलं, तर जाऊबाईंनी विचारलं, नारळ खायला तू असणार आहेस का? मला कुणाशी भांडायचं नाही. पण सकाळी मागीलदारी जायचं नसेल तर उठायचं कशाला, असं वाटतं. हे वेडेपण आहे का? काय झेपेल, काय नाही, तेही सांगा. आणि माकडांवर उपाय असला तर तोही.

(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर

ताई,

वेडेपण मुळीच नाही. पण तुमच्या घरात एक गल्लत झाली आहे आणि ती चौघांनीही केली आहे, तुमच्यासकट. वरची कलमं, आगर आणि मागीलदार या तीन गोष्टी तुम्ही सगळे 'बाग' या एका नावाखाली बोलता. तुमचा जीव दमतो तो कलमांपायी. तुम्हाला हुशारी येते ती मागीलदारी. आणि मुलगा बंद करायला निघालाय ते मात्र मागीलदार. म्हणजे ओझं तसंच राहायचं आणि जे गोड आहे ते जायचं. हा व्यवहार तुम्ही मान्य करू नका. तसं सांगायला भांडावं लागत नाही, वाटणी नीट मांडून दाखवावी लागते.

आधी कलमांचं बघू, कारण तिथे सल्ला सरळ आहे. बावीस कलमं म्हणजे हौस नव्हे, तो धंदा आहे. पालवी आली की तुडतुडे, मोहोर आला की भुरी, थंडी लांबली की काळजी, लांबली नाही तरी काळजी. मग राखण, काढणी, आढी, पेट्या, आणि भाव काय आला हे कळेपर्यंत जीव टांगणीला. हे चाळिशीतल्या माणसालाही पुरे होतं. कलमं खंडाने द्या. फक्त तोंडी देऊ नका. कागदावर लिहून घ्या, सालाची मुदत घाला, आणि एक अट ठळक घाला: लोक ज्याला कल्टार म्हणतात ते मोहोर आणायचं औषध, पॅक्लोब्युट्राझॉल, तुम्हाला विचारल्याशिवाय बुंध्याशी घालायचं नाही. खंड घेणाऱ्याला यंदाचा मोहोर हवा असतो, झाड पुढची तीस वर्षं उभं राहायला हवं ही काळजी मालकाची. खतपाणी न देता वर्षानुवर्षं ते औषध ओतलेल्या कलमांची काय दशा होते हे तुमच्या आसपास पाहायला मिळेल, मी वेगळं सांगायला नको. घराजवळचं एक कलम आणि लोणच्यापुरता एखादा रायवळ आंबा स्वतःकडे ठेवा. बाकीच्यांचा मोह सोडा.

आता आगर. इथे जाऊबाईंचा प्रश्न येतो. प्रश्न खवचट असला तरी उत्तर द्यायला हरकत नाही, आणि हिशेबानंच देऊ.

३ जून २०२० ला वादळ आलं. त्या दिवसापर्यंत दिवेआगर-श्रीवर्धनपासून केळशी-आंजर्ले-हर्णैपर्यंत आगराच्या सावलीत ऊन जमिनीला लागत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरून थेट समुद्र दिसायला लागला. पोफळी तर कंबरेत मोडल्या. त्यानंतरच्या पावसात ज्यांनी पुन्हा रोपं लावली त्यात तुमच्या वयाची माणसं कमी नव्हती. उलट तरुण मुलं मुंबई-पुण्याला, म्हणून खड्डे मारून घेणारे बरेचसे साठीसत्तरीचेच. पोफळ साधारण पाच-सहा वर्षांत धरायला लागते. तेव्हा 'तुम्ही खाणार का' असं ज्यांना विचारलं गेलं, ते आता खाली पडलेली सुपारी वेचताहेत. वेचताना कंबर धरते ही तक्रार आहे, पण ती वेगळी.

माडाचं गणित असं. बाणवली लावलात तर सहा ते आठ वर्षं. ठेंगू जात लावलीत तर तीन-चार वर्षांत फुलोरा येतो, आणि शहाळं काढायला पाडेली शोधत फिरावं लागत नाही, बरीच वर्षं खालूनच हात पोचतो. तुमच्या वयाला मी ठेंगूच सांगेन, नारळाच्या भावासाठी नाही, माणूस वर चढवायची कटकट नको म्हणून. रोपं रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रातून आणा (हे केंद्र १९५५ पासून आहे), नाहीतर तुमच्याच तालुक्यातल्या कृषी विद्यापीठातून. रस्त्यावरच्या टेम्पोतून 'हायब्रीड' म्हणून विकतात ते घेऊ नका. त्यातून पुढे काय निघेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आणि नारळ कधी येईल या प्रश्नावरच सगळे का अडतात, मला कळत नाही. माडाच्या रोपाची मजा नारळावर थांबत नाही. रोप येतं तेव्हा त्याची पानं अखंड असतात, लांबट, रुंद, माडाची वाटतच नाहीत. त्याच्यावर काही काळ तसलीच पानं येत राहतात. मग एके दिवशी नवी सुरी, म्हणजे मिटलेलं कोवळं पान, उलगडते आणि ते चिरलेलं निघतं, पहिल्यांदाच खऱ्या झावळीसारखं. ते पाहायला सहा वर्षं थांबावं लागत नाही. फक्त रोज त्या बाजूला फेरी मारावी लागते, आणि ती तुम्ही मारताच.

एक मात्र जपा. आगरात सावली झाली की कोणीतरी तुम्हाला जायफळ लावायला सांगेल. माडाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी लावायची 'लाखी बाग' आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि कल्पना चांगलीच आहे. पण जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेलं रोप लावलंत तर सात-आठ वर्षांनी फुलल्यावर कळतं की हे नर आहे, आणि जायफळ काही येणार नाही. जाऊबाईंना आयतं हसू मिळेल. म्हणून लावायचंच तर मादीच्या फांदीचं कलम घ्या. मिरीची हौस असेल तर माडावर वेल चढवण्याऐवजी कुंडीतली झुडपी मिरी घ्या. फळणाऱ्या आडव्या फांदीपासून ती केलेली असते, वर चढत नाही, गुडघ्याएवढीच राहते आणि लवकर धरते. पायरीवर बसून हिरव्या मिऱ्यांचे घोस काढायचे, लिंबाच्या रसात घालायचे. शिडी नको नि गडी नको.

आता तुम्ही ज्यासाठी पत्र लिहिलंत ते.

'सकाळी मागीलदारी जायचं नसेल तर उठायचं कशाला' हे वाक्य तुम्ही थोडं शरमून लिहिलंय असं वाटलं. शरमू नका. पस्तीसेक वर्षं तुमच्या सकाळीला घंटा होती, हजेरी होती, समोर चाळीस पोरं होती. निवृत्तीनंतर घरच्यांना वाटतं, हिला आता आराम हवा. आराम हवाच असतो, पण आरामाचं पोट दोन महिन्यांत भरतं. त्यापुढे माणसाला हवं असतं ते आपल्यावाचून ज्याचं अडेल असं काहीतरी. मुलं मोठी झाली, त्यांचं अडत नाही. नवऱ्याचं अडतं, पण ते कबूल करत नाहीत. पडवळाचं अडतं, आणि ते लपवत नाही.

पडवळाचंच घ्या. संध्याकाळी दिवेलागणीला त्याचं फूल उमलतं, पांढरं, आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक धाग्यांची झालर, लग्नातल्या शालूला लावतात तसली. नर फुलं घोसानं, मादी एकटी, आणि तिच्या मागे बोटाएवढं केसाळ पडवळ आधीच तयार. दुसऱ्या दिवशी ते धरलंय की पिवळं पडून गळणार, हे पाहायला माणूस चहा टाकायच्या आधी मागीलदारी जातो. धरलं की आठवड्यानं टोकाला सुतळीनं दगड बांधायचा, नाहीतर ते वेटोळं घालतं. दगड केवढा बांधायचा हे कुठल्या पुस्तकात नाही. हलका झाला तर वाकडं, जड झाला तर देठातून तुटतं. आपल्या आईनं, सासूनं हातात घेऊन बघितलेला असतो तेवढा. हे ज्ञान तुमच्या तळव्यात आहे. तुमच्या मुलाच्या तळव्यात ते नाही, ह्याचं मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

किंवा लाल भोपळा. श्रावणात झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, फुलं येतात आणि नुसती जातात. अशा वेळी सकाळी लवकर, फूल मिटायच्या आत, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलात फिरवायचं. तेवढ्या एका फिरकीवर गणपतीतला भोपळा ठरतो. अबोलीचं तर आणखी गमतीचं. वाळलेल्या कणसावर पाणी शिंपडा आणि कान देऊन उभ्या राहा. टचटच बोंडं फुटतात, बी उडून पायावर येतं. मी हे पाहुण्यांच्या पोरांना दाखवते. मोबाइल बाजूला ठेवायला लावणारे प्रकार थोडे असतात, त्यातला हा एक.

मुलगा म्हणतो बाजारात वीस रुपयांत भाजी मिळते. खरंय. शेणखत, जाळी, पंपाची वीज, मनगटाचं प्लास्टर हे सगळं धरलं तर तुमचं पडवळ सोन्याच्या भावानं पडतं. या हिशेबात शिरू नका, हराल. त्याला ऋषिपंचमीची आठवण करून द्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं पिकवलेलं खायचं. म्हणून अळू, माठ, भोपळा, पडवळ, शिराळं, सुरण, भेंडी हे सगळं घराच्या पाठचं एका भांड्यात जातं, तेलफोडणीवाचून शिजतं आणि तरी पोरं दुसऱ्यांदा मागतात. सण धरायला आता सगळं बाजारात मिळतं, पिशवीत भरून, 'ऋषीची भाजी' म्हणून. पण ती पिशवी कुठल्या शेतातून आली आणि तिथे नांगर फिरला की ट्रॅक्टर, हे कुणाला विचारणार? तुमच्या मुलालाही त्या भाजीची चव घरचीच आठवते, पैजेवर सांगते.

आणखी एक गोष्ट. म्हातारपणी सगळे आपल्याकडे काहीतरी घेऊन येतात. औषधं, फळं, चालायची काठी, सल्ले. आपण फक्त घ्यायचं. मागीलदार असलं की तुम्ही देता. शेजारी चार शिराळी, भटजींकडे अनंताची फुलं, डॉक्टरीणबाईंना कडीपत्ता, मुलगा परत निघाला की त्याच्या गाडीच्या डिकीत नारळ, हळदीची पानं, कोकमं. वानवळा घेऊन शेजारच्या खळ्यात गेलेल्या बाईला कुणी 'तब्येत कशी आहे' असं त्या विशिष्ट आवाजात विचारत नाही. 'यंदा कारली कशी आलीत' असं विचारतात. या दोन प्रश्नांतला फरक सत्तरीतल्या माणसालाच कळतो.

मुलाला आकडेच लागत असतील तर एक देते. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावी साठीपुढच्या २८०५ माणसांची सोळा वर्षं पाहणी झाली, निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज बागकाम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. आता बागेमुळे डोकं शाबूत राहतं, की ज्यांचं डोकं शाबूत आहे तीच माणसं बागेत जातात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण पेव्हर ब्लॉकनं डोकं शाबूत राहतं असं अजून कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं बोलले. आता मुलाच्या बाजूनं, कारण त्याची भीती खोटी नाही. तुम्ही पडला आहात. या वयात एक पडणं मनगटावर निभावलं, दुसरं खुब्यावर येऊ शकतं, आणि खुब्याचं हाड मोडलं की मागीलदार राहीलच असं नाही. म्हणून खालच्या गोष्टी मनावर घ्या. मी सांगते म्हणून नाही, दर पावसाळ्यात कुणीतरी ओळखीचं चिऱ्यावर घसरतं म्हणून.

चिऱ्याच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, जुलैत शेवाळ धरतं ते दिसत नाही, ओल्या चिऱ्यासारखंच दिसतं. विहिरीपासून मागल्या दारापर्यंतची एक वाट पक्की करा. हवा तर तिथे मुलाचा पेव्हर ब्लॉक वापरा, खरखरीत बघून. कडेला हाताला धरायला बांबूचा नाहीतर लोखंडी कठडा. पावसाळाभर पंधरवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून कुणाकडून तरी घासून घ्या. स्वतः घासायचं नाही. स्लिपर घालून मागीलदारी जायचं नाही, गमबूट घालायचे, आणि पाय घालण्याआधी ते उलटे करून झटकायचे. गमबूट केवळ घसरू नये म्हणून नव्हेत. पावसात उंदरांच्या मुतानं पाणी-चिखल दूषित होतो आणि टाचेच्या भेगेतून लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होतो. कोकणात त्यानं माणसं गेली आहेत. पावसाळ्यात ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर 'अंग भिजलं असेल' म्हणून काढा पीत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि मातीत काम करते हे आपणहून सांगा.

सापांचं म्हणाल तर नागाचं फार मनावर घेऊ नका. भिवा फुरशाला. वीतदीडवीत असतं, मातीच्या रंगाचं, चिऱ्यांच्या ढिगात, चुडतांखाली (वाळक्या झावळ्यांखाली) नाहीतर नारळाच्या सोडणांत बसलेलं, आणि हात गेल्यावाचून दिसत नाही. म्हणून ढीग घरापासून लांब. पालापाचोळ्यात आधी काठी, मग हात. तिन्हीसांजेनंतर टॉर्चशिवाय नाही. कधी चावलंच तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं, मंत्र घालणं यात अर्धा तास घालवायचा नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. सापाची लस तिथे मिळते, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते. तुमच्या जवळ ती नक्की कुठे असते हे आज, साप नसताना, फोन करून विचारून ठेवा. नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि उकिडवं बसणं बंद. ही गोष्ट तुम्हाला सर्वात जड जाईल, कारण आपल्या सगळ्या बाया खुरपं हातात आलं की उकिडव्या बसतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तसं बसून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पडणं बरेचदा तेव्हाच होतं. यावर उपाय म्हणजे माती वर आणायची. जुने चिरे असतीलच, नसतील तर आणवा. तीन थर रचून वाफे करा, लांबी हवी तेवढी, रुंदी मात्र दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत जाईल एवढीच, म्हणजे तीन फूट पुरे. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून काम होतं. नुसते दगड रचलेल्या गडग्यासारखे सांधे मोकळे ठेवू नका, मातीनं नाहीतर सिमेंटनं बुजवा. फुरशाला तेवढी फट पुरते. तळाला पाणी जायला भोकं ठेवा, आपल्या पावसात नाहीतर वाफ्याची विहीर होईल. खाली सोडणं आणि पालापाचोळा, वर लाल माती आणि कुजलेलं शेणखत. खत एकदम घालू नका. आपली जांभी माती पावसात काही धरून ठेवत नाही, श्रावणात घातलेलं भाद्रपदात समुद्राला मिळतं. थोडं थोडं, झड उघडली की. चुलीची राख असेल तर चिमटीचिमटीनं चालेल, आपल्या आंबट मातीला ती मानवते.

अशा दोन वाफ्यांच्या पलीकडे जाऊ नका. एकात माठ, मुळा, मेथी, मिरची. दुसऱ्यात भेंडी-वांगी. वेलांना एकच मांडव, त्यावर तीन वेल, सात नव्हेत. मांडव उभ्या माणसाचा हात पोचेल तेवढाच उंच, आणि पडवळ आखूड जातीचं लावा. लांब जातीचं हौसेनं लावलंत तर ते जमिनीला टेकेल आणि वरचं काढायला तुम्ही स्टुलावर चढाल. स्टुलावर चढायचं नाही. हे दोनदा वाचा. काकडी-कारल्याला फळमाशी डंख मारते, त्याला दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा टांगा. फक्त वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूरची गोळी मागा. आंब्याची मिथाइल युजेनॉलची गोळी इथे चालत नाही, आणि दुकानदार जी हाताला येईल ती देतो.

पाण्याचं ओझं मनगटाला द्यायचं नाही. टाकीवरून नळी घ्या, नाहीतर ठिबक टाकून मोकळ्या व्हा. झारी आवडत असेल तर अर्धीच भरा. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की मूठ जाड होते आणि बोटं दुखत नाहीत. एका वेळी अर्धा तास, ऊन चढायच्या आत. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. उरलेलं काम उद्या असतंच, हीच तर या छंदातली सोय आहे.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. देवाचं नाव घ्यायचं वय झालं असेल तर देवाला फुलं लागतात. तुळशीला पाणी, दुर्वा, जास्वंद, तगर, अनंत ही बाजू त्यांच्याकडे द्या. मदत म्हणून मागू नका, खातं म्हणून सोपवा. सोनचाफ्याचं कलम आणा, वर्षादोनवर्षांत फुलतं. पहिलं फूल देवाला वाहून झालं की ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवतील, आणि मग मागीलदाराविरुद्ध घरात निदान एक मत कमी होईल.

मुलाशी बोलताना 'माझी बाग' असा सूर लावू नका, तो ऐकणार नाही. त्याला काळजी वाटते आणि पुण्यात बसून ती कमी करायचा एकच मार्ग त्याला दिसतो, पैसे पाठवून सिमेंट ओतायचा. त्याला दुसरी कामं द्या. रस्त्याकडची बाजू गाडीसाठी त्याला हवी तशी करू दे. विहिरीकडची नाही. कलमांचा करार त्यानं वाचून बघावा. वाटेचा कठडा आणि चिऱ्यांचे वाफे त्यानं दोन दिवस रजा काढून स्वतः उभे राहून करून घ्यावेत. आणि तुम्ही त्याला एक शब्द द्या: पावसात एकटीनं मागीलदारी जाताना फोन खिशात असेल, आणि घरात कुणीतरी जागं असेल. हा शब्द पाळा. तो मोडलात तर पुढच्या वेळी मी त्याच्या बाजूनं लिहीन.

माकडांचं राहिलं. फटाके, थाळ्या, प्लॅस्टिकचा वाघ, गलोल, सगळं दोन दिवस चालतं, मग ती त्या वाघाच्याच डोक्यावर बसून भेंडी खातात. कुंपणाच्या बाजूला हळद, आलं, सुरण, अळू, मिरची लावा. यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. जास्वंद दारासमोर ठेवा, मागे लावलीत तर एक कळी राहणार नाही. आणि वाफे उंच झाले की त्यांच्यावर चौकट करून जाळी बसवणं सोपं जातं. जाळीचे पैसे मुलाकडून घ्या, पेव्हर ब्लॉकपेक्षा पुष्कळच स्वस्तात होईल.